मेव्हण्यांचं पथ्य

सुमतीकाकू मंगळवारी दुपारी गेल्या. बुधवारी सकाळी त्यांच्या यजमानांनी माझं दार वाजवलं आणि विचारलं, "शैला, कुत्र्याला हळद चालते का?"

मला वाटलं, सुतकाचं विचारतायत. घरात कुणी गेलं की आमच्याकडे बारा दिवस फोडणी देत नाहीत, हळद वापरत नाहीत. मी म्हटलं, "काका, कुत्र्याला कसलं सुतक? घाला की."

"सुतकाचं मी भटजीला विचारीन. मी पोटाचं विचारतोय. कालपासून जेवला नाही तो. नुसता भात दिला, हुंगून निघून गेला. तिच्या भाताला पिवळा रंग असायचा, एवढं माझ्या लक्षात आहे. तो हळदीचा की आणखी कशाचा? आणि माझ्या हातून जास्त पडली तर? तू लायब्ररीत असतेस ना, बघ पुस्तकात."

एवढं सांगून ते चपला ओढत परत गेले. डोळ्यांत पाणी नव्हतं. दाढी वाढली होती.

आमची इमारत जोगेश्वरीला पूर्वेकडे, गुंफांच्या रस्त्यावर. पहिल्या मजल्यावरच्या शेवटच्या दोन खोल्या केळुसकर काका-काकूंच्या, त्याच्या अलीकडची माझी. मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. केळुसकर एका गिरणीत रंगखात्यात होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही, आणि ते घरी बसले. एकतीस वर्षं रंगाच्या वाफेत उभं राहून त्यांचं नाक गेलं होतं. म्हणजे चेहऱ्यावर होतं, चांगलं ठसठशीत होतं, पण त्याला वास येत नसे. दूध करपलं, रॉकेल सांडलं, घरात उंदीर मेला, हे सगळं त्यांना काकूंनी सांगायचं.

नाकाची कसर त्यांनी डोळ्यांनी भरून काढली होती. एका पिवळ्याचे त्यांच्याकडे सोळा प्रकार होते आणि प्रत्येकाला नाव होतं. चहा हातात घेतला की आधी उजेडात धरायचे. "शेड कमी आहे," म्हणायचे, आणि मग प्यायचे. तळमजल्यावरच्या प्रभूवहिनींनी हौसेने घेतलेली साडी दाखवली तेव्हा यांनी पदर दोन बोटांत धरून सांगितलं, "दोन धुणी. तिसऱ्या धुण्याला परकरावर उतरणार." तसंच झालं, आणि वहिनींनी ते त्यांना कधी माफ केलं नाही.

त्या कुत्र्याचं नाव भाऊ. त्याला कारण आहे. काकूंना भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशा काकू दरवर्षी गॅलरीत उभ्या राहून ओवाळायच्या. एका वर्षी समोर नवी इमारत उभी राहिली आणि बीजेची कोर तिच्यामागे गेली. काकू तबक घेऊन उभ्या. निरांजनातलं तूप संपत आलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर एक तांबूस कुत्रा बसला होता, एक कान फाटलेला. काकूंनी त्यालाच ओवाळलं. तो हलला नाही. कुंकू लावून घेतलं, लाडू खाल्ला आणि राहिला.

"झालं," केळुसकर म्हणाले. "लग्नाला तेहतीस वर्षं झाल्यावर मला मेव्हणा मिळाला."

काकू होत्या तोवर हा मेव्हणा नुसता थट्टेचा होता. केळुसकर त्याला "ए कुत्र्या, सरक" म्हणत आणि पायानेच बाजूला करत. काकू गेल्या त्या आठवड्यापासून ते त्याला अहो-जाहो करू लागले. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं, "मेव्हणे, दोन घास घ्या. असं उपाशी राहून कसं चालेल? लोक मला काय म्हणतील?"

ग्रंथालयात मला कुत्र्यांवरचं एकच पुस्तक मिळालं. इंग्रजी, जुनं. त्यातले कुत्रे बिस्किटं आणि मटण खात होते आणि शिकारीला जात होते. हळदीबद्दल त्यात काही नव्हतं. मी तसं सांगितलं. केळुसकर म्हणाले, "साहेब लोकांच्या कुत्र्यांचं आपल्याला काय करायचंय? मीच जाऊन येतो."

ते परळला जनावरांच्या इस्पितळात गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला गॅलरीत उभं राहून जसंच्या तसं सांगितलं. दीड तास रांगेत बसले. पुढे बकरी, मागे पोपट. डॉक्टर तरुण होता.

"कुत्रा कुठेय, आजोबा?"

"घरी."

"मग इथे काय आणलंत?"

"मिसळणाचा डबा."

आणि त्यांनी पिशवीतून काकूंचा डबा काढून टेबलावर ठेवला, झाकण उघडलं. सात वाट्या. डॉक्टर हसला नाही, ही त्याची मोठीच गोष्ट म्हणायची. त्याने एकेका वाटीवर पेन ठेवत सांगितलं. हळद, चिमूटभर चालेल. जिरं आणि धणेपूड, थोडी चालेल. मोहरी नको. तिखट अजिबात नको. हिंग नको. मेथीचा एखादा दाणा गेला तर हरकत नाही, पण मुद्दाम कशाला? मीठ वरून घालाल तेही बेताचं. आणि जे डब्यात नव्हतं त्यातलंही दोन गोष्टींचं त्याने आपणहून सांगितलं. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे, कच्चे नकोत, शिजवलेले नकोत, वाटणातले नकोत.

"म्हणजे देवाचं पान," केळुसकर म्हणाले.

"काय?"

"नैवेद्याला जे चालतं ते ह्याला चालतं. कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही. सरळ सांगायचं की तसं."

डॉक्टरने मान हलवली असावी. मागे पोपटवाला खोळंबला होता. केळुसकर एक नियम घेऊन घरी आले, आणि माणसाला नियम मिळाला की तो निर्धास्त होतो.

सुतकाच्या दिवसांत शेजारणी आळीपाळीने जेवण आणून देत होत्या. प्रभूवहिनी पिठलं-भात घेऊन आल्या तेव्हा मी तिथेच होते.

केळुसकरांनी झाकण उचललं. "कांदा आहे?"

"नाही हो काका. सुतकातलं जेवण, एवढं कळतं मला."

"लसूण?"

"एक पाकळी, ठेचून. पिठलंच ते, त्याशिवाय घशाखाली उतरायचं कसं?"

"मग परत न्या. मेव्हण्यांना चालत नाही."

वहिनींना आधी वाटलं, काकूंच्या माहेरचं कुणी आलंय. त्यांनी आत डोकावून पाहिलं. कॉटखाली भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी नळावर त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाई गेली, आणि ह्या माणसाला कुत्र्याच्या तोंडच्या चवीची पडलीय. असला नवरा सात जन्म नको गं बाई." मी बादली उचलून वर आले. काकूंसाठी खरं तर मी बोलायला हवं होतं.

काकू सातवीपर्यंत शिकल्या होत्या. मी दर शनिवारी ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणायची, एक माझ्यासाठी, एक त्यांच्यासाठी. माझं वाचून व्हायच्या आधी त्यांचं तर झालेलंच असायचं, माझंही त्यांनी वाचलेलं असायचं. "हिने नवऱ्याला पत्र लिहायलाच नको होतं गो," असं त्या गोष्टीतल्या बाईबद्दल भाजी निवडताना म्हणायच्या, ती शेजारीण असावी तशा. त्या गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी सवयीने दोन पुस्तकं आणली. एक न वाचता सोमवारी परत केलं.

बारा दिवस झाले. घरात फोडणी सुरू झाली आणि केळुसकर आयुष्यात पहिल्यांदा ओट्यापाशी उभे राहिले. स्वतःसाठी ते बांगडा तळायचे, एका बाजूने कच्चा. मेव्हण्यांसाठी वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळं फडकं. सोवळंच म्हणायचं, फक्त सोवळ्यात कुत्रा होता आणि ओवळ्यात मालक. आयुष्यभर देवळाची पायरी न चढलेला हा माणूस कांदा चिरलेल्या हाताने भाताला शिवायचा नाही.

काकूंच्या भाताचा पिवळा जमत नव्हता. चव त्यांना नीट कळत नव्हती, वास येत नव्हता. त्यांनी गिरणीतला मार्ग काढला. काकूंचं हात पुसायचं एक फडकं होतं, वर्षानुवर्षं हळदीचे हात पुसून रंगलेलं. ते त्यांनी धुतलं नव्हतं. सकाळी दहा वाजता उत्तरेच्या खिडकीत ते फडकं धरायचं, शेजारी चमच्यात भात धरायचा आणि डोळे बारीक करून बघायचं. रंगाची तुलना उत्तरेच्या उजेडात करायची असते, दक्षिणेचा उजेड खोटं बोलतो, हे मला तेव्हा समजलं.

"शैला, बघ. मिळतोय?"

"मिळतोय की."

"तुला काय दिसणार म्हणा, तू छापील अक्षरं बघणारी. हा लिंबू झालाय. तिचा मक्याचा होता. अर्धा ग्रॅम कमी पडतोय."

एकदा मी म्हटलं, "काका, कुत्र्याला रंग दिसतो का?"

"त्यांना दिसत नसेल. मला दिसतो ना."

मक्याचा पिवळा एकदाचा जमला. भाऊने चार घास खाल्ले आणि ताटलीकडे पाठ केली. मग जिऱ्याची पाळी आली, मग धण्याची. एकेक पदार्थ पंधरा-पंधरा दिवस, डॉक्टरने सांगितलेल्या मापात, पितळी तराजूवर तोलून. भाऊ रोज ताटलीत नाक घालायचा, सगळीकडून हुंगायचा, काही हरवल्यासारखा थांबायचा आणि जगण्यापुरतं खाऊन कॉटखाली जायचा. बरगड्या मोजता यायला लागल्या. खाली कोपऱ्यावरचा भजीवाला त्याला पाव टाकून बघायचा, तोही तो घेत नसे.

"तिच्या हातचं काहीतरी राहतंय माझ्याकडून," केळुसकर म्हणायचे. "एक वस्तू. मला नाक असतं तर एका दिवसात सांगितलं असतं. तिचं एवढं एकच माणूस माझ्याकडे ठेवलंय तिने, आणि तेही मला पोसता येऊ नये?"

असं वर्ष गेलं.

वर्षश्राद्धाला भटजी सकाळीच येऊन गेले. स्वयंपाक केळुसकरांनी स्वतः केला होता, वडे प्रभूवहिनींकडून करून घेतले होते. वहिनी बोलायच्या, पण करायच्याही. काकूंना आवडायची म्हणून तांदळाची खीर होती. पानं वाढली. एक गाईचं, एक कावळ्याचं, एक कुत्र्याचं, अशी पद्धत आहे. गाय रस्त्यापलीकडच्या गोठ्यात होती, तिचं पोचवलं. कावळ्याचं पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवून केळुसकर कावळ्याची वाट न बघता आत आले.

"कावळा कोण लागतो तिचा?" ते म्हणाले. "मेव्हणे, चला."

भाऊ आला. सवयीने नाक घातलं. आणि थांबला नाही. भात बाजूला सारून तो खिरीत गेला. लपालपा चाटून पान कोरडं केलं, आणि वर बघून शेपटी हलवली. वर्षात पहिल्यांदा. केळुसकरांनी आणखी वाढली. तीही गेली. मग त्यांनी पातेलंच खाली ठेवलं.

"बघ शैला, बघ. खीर हवी होती! गोड हवं होतं त्यांना. आणि मी जिरं तोलत बसलो."

मी त्यांना तेवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. अर्ध्याहून जास्त पातेलं संपल्यावर ते उचललं आणि प्रभूवहिनी आणि आम्ही दोघं पानावर बसलो. मी खिरीचा एक घास घेतला. जीभ कडू झाली, मग बधिर.

"काका, ह्यात काय घातलंत?"

"तांदूळ, दूध, गूळ. वर जायफळ."

"किती?"

"वास येईपर्यंत घालायचं असतं ना ते?"

"तुम्हाला वास येतो?"

"येत नाही. म्हणून दोन घातली."

"दोन चिमटी?"

"दोन जायफळं. किसून."

प्रभूवहिनींनी तोंडातला घास पानाच्या कडेला काढून ठेवला. जायफळ मिसळणाच्या डब्यात नसतं. ते वेलचीबरोबर वेगळ्या डबीत, वरच्या फळीवर असतं, म्हणून परळच्या डॉक्टरच्या पेनाखाली ते आलंच नव्हतं. आणि देवाच्या पानाला ते चालतं, हवंच असतं.

तासाभरात भाऊला उभं राहवेना. पाय लटपटायला लागले, तोंड कोरडं पडलं, भिंतीकडे बघून तो कुणी आल्यासारखा दचकायला लागला. केळुसकर घाबरले की मालवणीवर यायचे. "शैला, हेंका काय झाला ता बघ गो!"

वांद्र्यापर्यंत रिक्षा, पुढे टॅक्सी. पहिला टॅक्सीवाला कुत्रा बघून निघून गेला. दुसऱ्याला केळुसकरांनी दार धरून हिंदीत सांगितलं, "कुत्ता नहीं, हमारा साला है. बिमार है." त्याने आधी भाऊकडे बघितलं, मग यांच्या तोंडाकडे, आणि मीटर पाडला. वाटेत एका हाताने ते भाऊची छाती धरून होते. "केवढं धडधडतंय," एवढंच दोनदा म्हणाले.

डॉक्टर तोच होता. त्याला हे आठवले. कुणालाही आठवतील. "आज डबा नाही आणला?" तो म्हणाला, आणि मग कुत्रा बघून गंभीर झाला. सलाईन लावलं, कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली.

"जायफळ? दोन? आजोबा, कुत्र्याला ते फार वाईट. डोक्यावर जातं, काळजावर जातं. थोडं आणखी असतं तर मेला असता. आता बहुतेक निभावेल. संध्याकाळपर्यंत बसा इथे."

मला वाटलं, केळुसकर सुटकेचा श्वास टाकतील. ते उभेच होते. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्यांनी टेबलाची कड धरली आणि विचारलं, "आणि माणसाला?"

"काय माणसाला?"

"जायफळ. माणसाला. रोज दिलं तर."

काकूंना आजारपणाचे शेवटचे तीन महिने झोप नव्हती. गोळ्यांनी उलट्या होत, म्हणून केळुसकर झोपताना सहाणेवर जायफळ उगाळून दुधातून त्यांना द्यायचे. कधी दोन वळसे, कधी चार. सहाणेचा आवाज मला भिंतीतून यायचा. हे सगळं त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही. फक्त परत विचारलं, "आजारी माणसाला?"

"उगाळून चिमूटभर घेतलं तर काही होत नाही हो. आपण सगळेच घेतो," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या जनावराकडे वळला.

बाकावर आम्ही बसलो. भाऊचं डोकं केळुसकरांच्या मांडीवर होतं. त्याचा फाटका कान सरळ करत ते म्हणाले, "तो जनावरांचा डॉक्टर. तू माणसांच्या पुस्तकात बघ."

मी बघितलं. अंधेरीच्या एका मोठ्या ग्रंथालयात अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले आणि औषधी वनस्पतींवरची दोन पुस्तकं वाचली. भाऊला तोवर घरी आणलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याने मक्याच्या पिवळ्या रंगाचा भात निमूटपणे पूर्ण खाल्ला, आणि पुढेही रोज खात राहिला. कशामुळे, ते सांगता येत नाही. आजाराने सगळेच पथ्याला येतात.

"नाही काका," मी सांगितलं. "चार वळशांनी माणसाला काहीही होत नाही. दोन्ही पुस्तकांत तेच आहे."

"नक्की?"

"पान उघडून दाखवू?"

"नको. तू वाचलंस ना." मग भाताचं पातेलं पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "पण झोप लागायची ना तिला त्यानं? मी बघायचो. सहाण धुऊन येईपर्यंत डोळा लागलेला असायचा."

काकूंना दुधाचा कंटाळा होता. केळुसकर सहाण धुवायला मोरीत गेले की पेला कॉटखाली जायचा, आणि भाऊ तो जायफळाच्या गाळासकट संपवायचा. काकूंनीच मला सांगितलं होतं, उशीला टेकून, हसत. "मग मी डोळे मिटून पडते गो. मला झोप लागली असं वाटलं की हे झोपतात. नाहीतर सबंध रात्र उशाशी बसून राहतात. माणूस मरेल अशाने."

"लागायची," मी म्हटलं. "मला म्हणाल्या होत्या तसं."

"माझ्या हातचं होतं," केळुसकर म्हणाले. त्यांनी पातेलं पालथं घातलं, फडकं पिळून वाळत टाकलं आणि मेव्हण्यांना हाक मारली.

भाऊ त्यानंतर अडीच वर्षं जगला. त्याच्यामागून केळुसकर गावी गेले आणि तिथेच वारले. त्यांच्या खोल्यांत आता दुसरं कुटुंब राहतं. ते दूध कोण प्यायचं, हे आता मला एकटीला माहीत आहे.